बेलभंडाऱ्याचा कॅप्टन

मंगळवार, २२ नोव्हेंबर १९८८

आज सरावानंतर जीवराम सरांनी कॉलेजच्या सगळ्या फुटबॉल संघाला गोलपोस्टजवळ बसवलं. आमचा कॅप्टन नाशिकला नोकरीला लागला, तो आता परत येणार नाही. दरवर्षी जाणारा कॅप्टन पुढच्याचं नाव सांगून जातो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. हा गडी घाईत गेला, नाव न सांगताच. सर म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा. चार तारखेच्या रविवारी, हात वर करून. मी मध्ये पडणार नाही. जळगावची स्पर्धा तोंडावर आहे, भांडत बसू नका."

मला कॅप्टन व्हायचंय. इथे लिहितानाही लाज वाटते, मग कुणाला तोंडाने सांगणं तर लांबच. सरांचं बोलणं संपलं तेव्हा सगळ्यांनी हिलालकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा हिलालकडेच पाहिलं, आणि त्या क्षणी तो मला आवडला नाही. लहानपणापासूनचा मित्र आहे माझा.

हिलाल आमच्या गावचा, आमच्याच गल्लीतला. सेंटर हाफ खेळतो आणि चांगला खेळतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. गावाहून धुळ्याला कॉलेजात आम्ही एकाच सायकलवर येतो. सायकल माझी, पायडल मारणार तो. मी मागे बसून गप्पा मारतो. आज घरी परतताना माझ्या तोंडातून शब्द निघेना. पांझरेच्या पुलावर त्यानेच विचारलं, "काय रे कौतिक, तोंड काबरं शिवी लिधं?"

"डोकं दुखस."

"तुले काय वाटस, कोन व्हई कप्तान?"

"माले काय माहीत?"

त्याने जोर लावून पूल ओलांडला. मग म्हणाला, "माले माहीत शे," आणि हसला.

बघा! स्वतःचं ठरवूनही बसला.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

मायजवळ बोललो ती चूक झाली. माय म्हणजे झुंबरबाई, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत गोष्ट चुडामण नानांच्या ओट्यावर पोचली.

नाना माझे मोठे काका. गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या निवडणुका त्यांच्याच ओट्यावर शिजतात. आमच्या घरात सरपंच झाले, पोलीस पाटील झाले, बाजार समितीवरही एक जण जाऊन आला. मी एकटाच असा, की लग्नपत्रिकेत नावापुढे लिहायला काही नाही. नानांना वाटतं मी कॉलेजात जाऊन चेंडूला लाथा मारतो, आणि ते फारसं खोटंही नाही.

पण कॅप्टन म्हटल्यावर नाना उठून बसले. "कितला मतदार शेत?"

"पंधरा. मना धरीसन."

"मंग आठ पाहिजेत. मतदार मोकळा सोडाना नही, पोऱ्या. आदला दिन उचलाना, पोटभर खावाले घालाना, आन् मतदाननी जागावरच नेईसन उतारी देवाना."

"नाना, हाई फुटबॉल शे."

"मंग? चेंडू गोल ऱ्हास. मानूस ते तोच शे ना?"

मी हसलो. नको मात्र म्हणालो नाही.

शनिवार, २६ नोव्हेंबर

माझा संशय खरा निघाला. हिलाल एकेकाला गाठतोय. आज सरावाआधी त्याने आमचा गोलकीपर छगन याला बाजूला घेतलं. मग राइट आउटला, मग दोन्ही बॅकना. मी बूट बांधायचं सोंग करून पाहत होतो. प्रत्येक जण मान डोलवत होता. मी जवळ गेलो की सगळे गप्प. छगन तर माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसला.

म्हणजे हा तोंडावर गोड आणि मागून मोर्चेबांधणी. आता मीही गप्प बसायचं कारण नाही. संध्याकाळी नानांना म्हटलं, करा काय करायचं ते. म्हणून टाकलं आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं. पण नाना तोवर सालदार गड्याला वांग्यांचं सांगायला निघूनही गेले होते.

सोमवार, २८ नोव्हेंबर

नाना म्हणाले, आधी गठ्ठा फोडायचा, सुटी मतं नंतर. आमच्या संघात गठ्ठा एकच, बन्सीलालचा. तेलाच्या घाण्याचा मालक त्याचा बाप, घरी जीप. चार पोरं त्याच जीपने मैदानावर येतात आणि तो म्हणेल त्याला हो म्हणतात. स्वतः बन्सीलाल राखीव खेळाडू. पळाला की धाप लागते, पण उंच आहे, आणि उंच माणसाला आपण सेंटर हाफ आहोत असं उगाच वाटतं.

कँटीनमध्ये बसलो. त्याने आडपडदा ठेवला नाही. "पाच मतं तुझी. जळगावला सेंटर हाफ मी."

"तिथे हिलाल खेळतो."

"म्हणून तर तुला विचारतोय. त्याला विचारून काय उपयोग?"

मी म्हटलं, "बघू."

नानांच्या ओट्यावर 'बघू' म्हणजे हो. बन्सीलालला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. येताना हिलालच्या मागे सायकलवर बसलो आणि सबंध रस्ता त्याच्या पाठीकडे बघवेना. माय म्हणाली, ताटातलं तसंच का राहिलं. मी सांगितलं, कँटीनमध्ये खाल्लं. तिथे मी चहासुद्धा पुरता प्यायलो नव्हतो.

गुरुवार, १ डिसेंबर

सगळ्यांना आवतण झालं. शनिवारी नानांच्या मळ्यात भरीत-भाकरी, रात्री मुक्काम तिथेच, सकाळी ट्रॅक्टर थेट मैदानावर. हिलाल सोडून सगळे.

हिलालला सांगितलं, शनिवारी मी मामाच्या गावाला जातोय, सराव चुकेल, सायकल तू एकटा ने. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला असं मला वाटलं. मग म्हणाला, "जाय. सरले मी सांगी दिसू."

खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे माहीत नव्हतं. समोरचा लगेच मानतो.

रविवार, ४ डिसेंबर

झालो कॅप्टन. कसा झालो ते लिहितो. आज लिहिलं नाही तर उद्या मी ते स्वतःलाच वेगळं करून सांगेन.

काल सराव उरकून दुपारी सगळे मळ्यात आले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी उखळात मिरची-लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मायने आणि काकूने थापल्या. पोरं तुटून पडली. मी आग्रह करत फिरत होतो आणि मनात मुंडकी मोजत होतो. छगनने एकदा विचारलं, "हिलाल काबरं नही उना?" माझ्याआधी नानाच बोलले, "त्याले काम शे."

जेवणं झाली. पोरं बाजांवर लवंडली, आणि नाना तांब्याचं ताट घेऊन आले. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. मला वाटलं होतं नाना थट्टा करतील, चार गोष्टी सांगतील. शपथेचा बेलभंडारा काढतील असं स्वप्नातही नव्हतं. सोसायटीच्या मतदारांना उचलायला लावतात तसा त्यांनी तो आमच्या गोलकीपरपुढे, बॅकपुढे, राइट आउटपुढे धरला. "उचला, बाप्पा. कौतिकलेच मत. देवना साक्षीनं."

पोरं आधी हसली. नाना हसत नव्हते, त्यामुळे हसू विरलं. बन्सीलालने पहिला उचलला. त्याच्या मागोमाग त्याच्या चौघांनी. मग एकेक करत सगळ्यांनी. छगन शेवटचा. पान उचलताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीकडे निघून गेलो. मी "राहू द्या नाना" एवढं म्हणालो असतो तर तिथेच थांबलं असतं. पण मी हंडा उचलला.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सगळे मैदानावर उतरलो. हिलाल आधीच येऊन पेनल्टी बॉक्सच्या रेघा चुन्याच्या फक्कीने आखत होता. ट्रॉलीतून अख्खा संघ उतरताना त्याने पाहिला, मामाच्या गावाला गेलेला मी त्यातच. हात झटकले आणि येऊन आमच्या घोळक्यात बसला.

सर म्हणाले, "कोण कोण उभं आहे, नावं सांगा."

हिलाल उठला. "सर, हात वर कराना कसाले? नाव एकच शे. कौतिक. आठ दिन झाया, मी बठ्ठास्ले इचारी लिधं. कोनीच नही म्हनत नही."

सर खूश झाले. "बिनविरोध! असा संघ पाहिजे." टाळ्या वाजल्या. कॅप्टनची पट्टी सरांनी हिलालच्या हातात दिली आणि त्यानेच ती माझ्या दंडाला बांधली. गाठ सैल नको म्हणून दोनदा ओढून पाहिली.

मला वर बघता येत नव्हतं. बाकीचेही खालीच बघत होते.

नंतर छगनला एकट्याला गाठलं. म्हटलं, हिलालने तुम्हाला खरंच विचारलं होतं? तो म्हणाला, "मग काय? त्या दिवशी बाजूला घेऊन सगळ्यांना हेच सांगत होता, कौतिकला करू, त्याला फार वाटतं, तो तोंडानं बोलणार नाही. आम्ही त्याच दिवशी हो म्हणालो होतो."

"मग काल बेल कशाला उचलला?"

"तुझ्या नानांनी पुढे धरला. देवाचं ताट मागे कसं सारणार?"

"आणि बन्सीलाल?"

"तो पण हो म्हणाला होता. फुकट."

घरी आल्यावर नाना ओट्यावरूनच ओरडले, "निवडी उना ना?" मी म्हटलं, "बिनविरोध." नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "भरीतनी करामत!"

मंगळवार, ६ डिसेंबर

दोन दिवस एसटीने जातोय. हिलालला सांगितलं, सकाळी लवकर जायचं असतं, कॅप्टनची कामं असतात. कॅप्टनला सकाळी लवकर कसलीही कामं नसतात. त्याच्या मागे बसायची मला लाज वाटते, एवढंच.

बन्सीलालने आज आठवण करून दिली. मी म्हटलं, हिलाल असताना संघात तू कसा बसशील, सर मानणार नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "सर तुझं ऐकतील. नाही ऐकलं तर मी हिलालला मळ्यातली गोष्ट सांगतो. बेल, भंडारा, सगळी. त्याची जागा तू कँटीनमध्ये कशी दिलीस, तेही."

शुक्रवार, ९ डिसेंबर

सरांना सोमवारी अकरा नावं द्यायची आहेत. दहा लिहून झाली. पाच नंबरपाशी, सेंटर हाफच्या जागेपाशी, पेन थांबतं.

हिलालचं नाव घातलं तर बन्सीलाल त्याला सगळं सांगणार. बन्सीलालचं घातलं तर हिलालच्या तोंडाकडे मी कोणत्या तोंडाने बघू? तिसरा रस्ता मला माहीत आहे. आपणच जाऊन सांगायचं. दोनदा त्याच्या घरापर्यंत गेलो. एकदा त्याची माय अंगणात होती, म्हणून परतलो. दुसऱ्यांदा अंगणात कुणीच नव्हतं, तरी परतलो.

रविवार, ११ डिसेंबर

देव आहे!

संध्याकाळी हिलाल आमच्याकडे आला. गुडघ्याला पट्टी. ओट्यावर बसत म्हणाला, "कप्तान, मना गुडघा सुजना शे. जळगावले मी खेळाव नही. दुसरा कोनले तरी घे. बन्सीलाल उंच शे, त्याले घे."

त्याने स्वतःहून बन्सीलालचंच नाव घेतलं! मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, जुनं दुखणं आहे, आपोआप बसेल. मला तर हे दुखणं माहीत नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट मित्राला सांगितलीच पाहिजे असं थोडंच आहे. दुपारी मैदानाजवळ दिसला तेव्हा पट्टी डाव्या गुडघ्याला होती असं वाटतंय, आता उजव्याला होती. माझंच बघण्यात काही चुकलं असेल.

तो गेल्यावर माय भांडी घासता घासता म्हणाली, "पट्टी बांधी उना आन् पायऱ्या ते उड्या मारीसन उतरना." मी तिच्यावर खेकसलो. एवढ्या जोराने खेकसायचं कारण नव्हतं.

अकरावं नाव लिहून टाकलं. आज झोप लागायला पाहिजे.

बुधवार, १४ डिसेंबर

झोप लागत नाही.

सोमवार, १९ डिसेंबर

काल जळगावला पहिल्याच सामन्यात हरलो. तीन गोल. तिन्ही मधूनच, बन्सीलालच्या दोन्ही बाजूंनी, वेशीतून गुरं आत यावीत तसे. उत्तरार्धात तो कमरेवर हात ठेवून उभा होता. छगन गोलातून मला शिव्या देत होता आणि त्याच्या शिव्या बरोबर होत्या.

हिलाल रेघेबाहेर पाण्याची बादली घेऊन बसलेला. "कौतिक, मधमा ये! मध मोकळा शे!" असं घसा फुटेपर्यंत ओरडत होता. मला ते ऐकू येत होतं. मध्ये गेलो असतो तर मधली जागा मोकळी का आहे ते सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून बाजूबाजूलाच पळत राहिलो. असला मूर्खपणा खेळताना कुणी केला असेल का?

सामना संपल्यावर सरांनी विचारलं, "हिलालचा गुडघा डॉक्टरला दाखवला होता ना?" मी म्हटलं, "हो सर." आणखी एक खोटं. आता मोजत नाही.

संध्याकाळी जळगाव स्टँडवर ही गर्दी. धुळ्याची गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक तिच्या मागे धावत सुटले. आमची पोरं पिशव्या घेऊन दमून बसलेली, कुणाच्या अंगात जीव नव्हता. तेवढ्यात माझ्या बाजूने कुणीतरी सुसाट गेलं. हिलाल. चालत्या गाडीबरोबर तो धावला, एका हाताने खिडकीची दांडी धरली, कडेच्या पत्र्याला पाय टेकवून वर चढला आणि आत रुमाल टाकला. उडी मारून खाली. मग पुढच्या खिडकीत टोपी, त्याच्या पुढच्या खिडकीत कुणाचा तरी सदरा. गाडी थांबेपर्यंत त्याने अख्ख्या संघाच्या जागा धरल्या होत्या.

सर माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी हिलालकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी उचलून गाडीत चढले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सगळ्यांच्या मागे राहिलो. दुसऱ्या गाडीने जावं असं मनात होतं. पण खिडकीतून हिलालने हाक मारली, "कप्तान, आठे ये, मनाजोडे!"

गेलो. बसलो. गाडी एरंडोलच्या पुढे गेली. मागे पोरं भेंड्या लावत होती. शेवटी मी विचारलं, "तुना गुडघा?"

तो खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होता. म्हणाला, "त्याले काय धाड भरनी?"

"मंग सांगं काबरं तसं?"

"बन्सीलाल तुना मांगे लागेल व्हता ना. तुले त्याले नही म्हनता येवाव नही, माले माहीत शे."

मी त्याच्याकडे वळलो. "तुले कोनी सांगं? बन्सीलालनी?"

"छगननी. बन्सीलालनी जागानं त्याले सांगेल व्हतं. भरीतनं आवतन दिधं तो दिनच त्यानी माले सांगं. मी म्हनं, जाय, खाई ये." मग म्हणाला, "बेलनं बी सांगं त्यानी. रविवारे, ट्रॉलीमाईन उतरताच."

म्हणजे माझं नाव घेतलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. दंडाला पट्टी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, तेव्हाही. आणि मी पंधरा दिवस ज्या गोष्टीला भीत होतो, जिच्यापायी त्याची जागा विकली, ती त्याच्याजवळ पहिल्यापासून होती.

"मंग माले बोलना काबरं नही?"

"मी वाट दखत व्हतू," तो म्हणाला. "तू सांगशी म्हनीसन."

त्याचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मी भांडलो असतो. तो परत खिडकीबाहेर बघायला लागला, आणि आता माझी पाळी आहे हे मला नीट समजलं. चुकलो एवढंच म्हणायचं होतं. मायशप्पथ सांगतो, शब्द तोंडाशी आला होता. पण तो बाहेर पडला असता तर माझ्या त्या तोंडाकडे त्याने पाहिलं असतं, आणि ते मला सोसवलं नसतं.

पारोळा आलं, गेलं. मी मान टाकली, डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. ते धुळे येईपर्यंत सोडलं नाही. मी जागा आहे हे त्याला कळत होतं. एका वळणावर माझं डोकं घसरून त्याच्या खांद्यावर गेलं. मी ते उचललं नाही, आणि त्याने खांदा हलवला नाही.